रक्तगत स्नेह, मेदोधातू आणि गुग्गुळ

अंबडसारख्या तालुक्याच्या गावी चिकित्सालय चालविणाऱ्या वैद्याकडे आज जे रुग्ण येतात, त्यांतील बरेच जण हातात एक कागद घेऊन येतात. जालन्याच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या प्रयोगशाळेने दिलेला तो ‘लिपिड प्रोफाइल’चा अहवाल असतो. कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड, एचडीएल, एलडीएल असे आकडे त्यावर ओळीने छापलेले असतात आणि एकदोन आकडे ठळक केलेले असतात. रुग्णाचा प्रश्नही ठरलेला असतो : “डॉक्टरसाहेब, ही गोळी जन्मभर घ्यायची का? आपल्या आयुर्वेदात यावर काही नाही का?”

या प्रश्नाला आपल्या व्यवसायात दोन प्रकारची उत्तरे दिली जातात. काही वैद्य ‘हा आमचा विषय नाही’ म्हणून रुग्णास परत पाठवितात. काही जण तत्काळ गोळी बंद करून गुग्गुळाचा एखादा कल्प सुरू करतात. पहिल्या उत्तराने शास्त्राचा मान कमी होतो, दुसऱ्याने कधी कधी रुग्णाचा जीव धोक्यात येतो. अहवालातील आकडे नेमके कशाचे आहेत आणि आपल्या गुग्गुळावर आजवर जे संशोधन झाले त्यातून काय निष्पन्न झाले, या दोन्ही गोष्टी नीट माहीत असल्याखेरीज या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देता येत नाही. प्रस्तुत लेखात त्यांचाच विचार करावयाचा आहे.

लायपोप्रोटीन म्हणजे काय?

स्नेह जलात विरघळत नाही. रक्त हे प्रामुख्याने जलीय द्रव्य असल्यामुळे स्नेहास त्यातून सुटेपणी प्रवास करता येत नाही, त्यास वाहन लागते. हे वाहन म्हणजे लायपोप्रोटीनचा सूक्ष्म कण. त्याच्या गाभ्यात ट्रायग्लिसराइड व कोलेस्टेरॉलचे संयुग असते आणि भोवती फॉस्फोलिपिड व प्रथिने यांचे वेष्टन असते. आहारातील स्नेह आतड्यातून ‘कायलोमायक्रॉन’ या मोठ्या कणांच्या रूपाने निघतो. तो प्रथम यकृताकडे न जाता लसीकावाहिन्यांच्या मार्गाने रक्तात मिसळतो. भरपूर तूप-तेलाचे जेवण झाल्यानंतर काढलेल्या रक्ताचा रस दुधासारखा गढूळ दिसतो तो याच कणांमुळे. यकृत स्वतः जो स्नेह तयार करते तो ‘व्हीएलडीएल’ या कणांतून बाहेर पाठवला जातो. वाटेत स्नायू व मेदपेशी त्यातील ट्रायग्लिसराइड काढून घेतात, कण आकुंचित होत जातो आणि शेवटी कोलेस्टेरॉलने भरलेला लहान ‘एलडीएल’ कण शिल्लक राहतो.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. यकृतातून निघालेल्या अशा प्रत्येक कणावर ‘ॲपो-बी’ नावाच्या प्रथिनाचा एक आणि एकच रेणू असतो. म्हणून ॲपो-बी मोजले की रक्तात किती कण फिरत आहेत हे कळते. एलडीएल कोलेस्टेरॉलचा आकडा त्या कणांत भरलेला माल सांगतो. गाड्या किती आणि माल किती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यांचे ट्रायग्लिसराइड वाढलेले असते त्यांच्यात लहान, घन आणि कमी कोलेस्टेरॉल असलेले एलडीएल कण अधिक संख्येने असतात. अशा वेळी अहवालात एलडीएल ठीक दिसते, पण धमनीच्या भिंतीवर आदळणाऱ्या कणांची संख्या मोठी असते.

धमनीची भिंत आणि कण

कोलेस्टेरॉल व धमनीविकार यांचा संबंध प्रथम दाखविला तो रशियातील निकोलाय आनिच्कोव्ह यांनी, १९१३ मध्ये, सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून. पुढे १९५० च्या सुमारास अमेरिकेत बर्कले येथे जॉन गॉफमन यांनी अतिवेगवान अपकेंद्री यंत्राने रक्तरसातील हे कण घनतेनुसार वेगळे केले. कमी घनतेचे व अधिक घनतेचे ही नावे त्याच पद्धतीतून आली आहेत. १९७० च्या दशकात डॅलस येथील मायकेल ब्राऊन व जोसेफ गोल्डस्टीन यांनी पेशीवरील एलडीएल-ग्राहक शोधून काढला आणि त्यासाठी त्यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यकृताच्या पेशीवर हे ग्राहक पुरेसे असतील तर एलडीएल कण रक्तातून काढून घेतले जातात. जन्मतःच ते कमी किंवा सदोष असतील तर कण रक्तात साचत राहतात.

साचलेले कण धमनीच्या आतील आवरणाखाली शिरून तेथील तंतुजालात अडकतात. त्यांत विकृती होते आणि रक्तातील भक्षकपेशी त्यांना गिळून फेसाळ पेशी बनतात. वर्षानुवर्षे हे होत राहिल्याने भिंतीत स्नेहयुक्त लेप तयार होतो. हा लेप हळूहळू वाढून धमनी अरुंद करतो हे खरे, पण हृद्रोगाचा आकस्मिक झटका बहुधा त्या अरुंदपणामुळे येत नाही. लेपावरील पातळ आवरण फाटते, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि काही मिनिटांत मार्ग बंद होतो. म्हणूनच सकाळी शेतावर गेलेला, कधीही धाप न लागलेला मनुष्य दुपारी छातीत कळ येऊन कोसळू शकतो. ही प्रक्रिया तारुण्यातच सुरू होते. एलडीएल किती आहे इतकेच पुरेसे नाही, ते किती वर्षे तसे आहे याला तेवढेच महत्त्व आहे.

आपल्या प्रदेशातील स्थिती

हृद्रोगाचे बहुतेक शास्त्र पाश्चात्त्यांच्या रक्तावर लिहिले गेले, ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. तिला उत्तर देणारे एक महत्त्वाचे काम नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. प्रशांत जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासातील दक्षिण आशियाई रुग्णांचे विश्लेषण त्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केले. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका व नेपाळ या ५ देशांतील १,७३२ रुग्ण व २,२०४ निरोगी व्यक्तींची त्यात तुलना होती. आपल्याकडे पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो असे दिसले, इतर देशांत ते वय ५८.८ होते. हा फरक मोठा आहे, कारण या वयात घर त्याच माणसावर चालत असते. आपल्या लोकांचे हृदय मुळात वेगळे आहे असा निष्कर्ष मात्र त्यातून निघाला नाही. नेहमीचीच कारणे आपल्याकडे कमी वयात आढळतात, हे त्यातून स्पष्ट झाले. त्यांत ॲपो-बी व ॲपो-ए-१ यांचे बिघडलेले प्रमाण ठळक होते. निरोगी गटातही ते ४३.८ टक्के दक्षिण आशियाई व्यक्तींत बिघडलेले होते, तर इतर देशांत ३१.८ टक्के. रोज फळे-भाज्या खाणारे आपल्याकडे २६.५ टक्के होते, इतरत्र ४५.२ टक्के.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या पाहणीत महाराष्ट्राचाही समावेश होता. तीत तपासलेल्यांपैकी ७२.३ टक्के व्यक्तींचे एचडीएल कमी आढळले आणि २९.५ टक्क्यांचे ट्रायग्लिसराइड वाढलेले होते. एलडीएल वाढलेल्यांचे प्रमाण त्या मानाने कमी, ११.८ टक्के होते. म्हणजे आपल्या रुग्णाचा नेहमीचा अहवाल कसा असतो? ट्रायग्लिसराइड वर, एचडीएल खाली आणि एलडीएल वरवर पाहता ठीक. वर सांगितलेली लहान व घन कणांची स्थिती ती हीच.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्यासह २००४ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापून हा मुद्दा मांडला होता. दोघांचाही देहभार निर्देशांक २२.३ होता. युडकिन यांच्या शरीरातील मेद ९.१ टक्के भरला, याज्ञिक यांच्या शरीरातील २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडपातळ. आपल्या दर्शन-परीक्षेला हे आव्हानच आहे.

मेदोधातूशी मेळ

आता आपल्या शास्त्राकडे वळू. चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील महारोगाध्यायात कफाच्या नानात्मज विकारांत ‘धमनीप्रतिचय’ हा विकार गणला आहे. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात स्थौल्याचे वर्णन करताना कफ व मेद यांनी मार्ग आवृत होतात आणि त्यातून पुढे घोर विकार उद्भवतात असे सांगितले. वाढलेला मेद स्रोतसांचा अवरोध करतो ही कल्पना आपल्याकडे प्राचीन आहे, याबद्दल शंका नाही.

परंतु एवढ्यावरून ‘मेदोरोग म्हणजेच वाढलेले कोलेस्टेरॉल’ असे समीकरण मांडले जाते, ते मला मान्य नाही. ज्याच्या यकृतात एलडीएल-ग्राहक जन्मतः सदोष आहेत असा रुग्ण पाहा. तो बहुधा कृश असतो, त्यास स्वेदाधिक्य नसते, क्षुद्रश्वास नसतो, स्फिक्-उदर-स्तनांचे चलत्व नसते. अतिस्थूलाचे सांगितलेले एकही लक्षण त्याच्यात सापडत नाही, आणि तरी त्याला तिशी-चाळिशीत हृदयविकार होतो. मेदोवृद्धीची लक्षणे शोधत बसणारा वैद्य हा रुग्ण हातचा घालवील. त्याला ओळखण्याचा मार्ग दर्शन-स्पर्शनाचाच आहे, पण पाहावयाच्या जागा वेगळ्या आहेत : टाचेच्या वरील कंडरा जाड व गाठाळ लागते का, बोटांच्या मागील कंडरांवर गाठी आहेत का, डोळ्याच्या बुबुळाभोवती लहान वयात पांढुरके वलय आहे का आणि घराण्यात अकाली मृत्यू झाले आहेत का. एलडीएल १९० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असेल तर हे सर्व तपासलेच पाहिजे, आणि त्याच्या भावंडांचे व मुलांचे रक्तही.

याउलट ट्रायग्लिसराइड वाढलेला, पोट सुटलेला, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेला रुग्ण आपल्या शास्त्राला चांगला परिचित आहे. प्रमेहाच्या निदानात चरकाचार्यांनी मेद ‘बहु’ व ‘अबद्ध’ असल्याचे सांगितले आहे. स्थिर राहून धारण करणारा मेद निराळा आणि शिथिल होऊन रक्तात फिरणारा मेद निराळा, हा त्यातील विवेक मला फार महत्त्वाचा वाटतो. यकृतातून अतिरिक्त प्रमाणात बाहेर पडणारे व्हीएलडीएल कण हे त्या अबद्ध मेदाच्या जवळ जातात. लंघन, व्यायाम, रूक्षान्न व लेखन द्रव्ये यांचा गुण याच रुग्णात ठळक दिसतो, आणि का दिसतो याचे कारणही येथेच आहे. म्हणजे आपली चिकित्सा एका प्रकारच्या रुग्णाला थेट लागू पडते, दुसऱ्याला नाही. अहवाल वाचता आला तर हे दोघे वेगळे करता येतात.

गुग्गुळावरील संशोधन

सुश्रुताचार्यांनी स्थौल्याच्या चिकित्सेत गुग्गुळ सांगितला. त्या वर्णनावरून प्रेरणा घेऊन बनारस हिंदू विश्वविद्यालयात जी. व्ही. सत्यवती यांनी १९६६ मध्ये आपला प्रबंध सादर केला आणि सी. द्वारकानाथ व एस. एन. त्रिपाठी यांच्यासह १९६९ मध्ये सशांवरील प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. गुग्गुळाने सशांचे वाढलेले कोलेस्टेरॉल उतरले होते. ग्रंथातील वचन घेऊन ते प्रयोगशाळेत पडताळून पाहण्याचे आपल्या देशातील हे अत्यंत नेटके उदाहरण आहे. पुढे डॉ. सत्यवती भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या.

या कामाचा पुढचा टप्पा महाराष्ट्रात घडला हे आपल्यापैकी अनेकांस ठाऊक नसावे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत व्ही. डी. पाटील, यू. आर. नायक व सुख देव यांनी गुग्गुळातील स्टेरॉइडसदृश घटकांचे रसायनशास्त्र उलगडून १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. गुग्गुळस्टेरोन ‘ई’ व ‘झेड’ ही नावे आज प्रत्येक विश्लेषण अहवालावर दिसतात, ती तेथून आली. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने इथिल ॲसिटेटमध्ये विरघळणारा भाग वेगळा करून प्रमाणित केला, त्यास ‘गुगुलिपिड’ असे नाव मिळाले, आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या सिप्ला कंपनीने तो ‘गुगलिप’ या नावाने बाजारात आणला.

१९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक केंद्रांवरील भारतीय चाचणीत ५०० मिलिग्रॅम गुगुलिपिड दिवसातून ३ वेळा, १२ आठवडे दिले असता कोलेस्टेरॉल सरासरी ११ टक्के व ट्रायग्लिसराइड सुमारे १७ टक्के घटले. १९९४ मध्ये आर. बी. सिंग व सहकाऱ्यांनी ६१ रुग्णांवर २४ आठवड्यांची चाचणी केली. पथ्याहार दोन्ही गटांना होता. गुग्गुळ घेणाऱ्यांचे एलडीएल १२.५ टक्के उतरले. २००२ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी गुग्गुळस्टेरोन हे यकृतातील ‘एफएक्सआर’ या पित्ताम्ल-ग्राहकास रोखते असे दाखविले. कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले बनविण्याच्या क्रियेवरील एक लगाम त्यामुळे सैल होतो. आता सर्व साखळी जुळली असे आपल्या वर्तुळात तेव्हा मानले जाऊ लागले.

पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील फिलिप साप्पारी व सहकाऱ्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. १०३ प्रौढ व्यक्तींचे तीन गट केले गेले. दोन गटांना प्रमाणित गुग्गुळसार अनुक्रमे १,००० व २,००० मिलिग्रॅम दिवसातून ३ वेळा, ८ आठवडे दिला गेला आणि तिसऱ्यास औषधविरहित गोळ्या. तिसऱ्या गटाचे एलडीएल ५ टक्के घटले. गुग्गुळ घेणाऱ्यांचे मात्र ४ ते ५ टक्के वाढले. ६ जणांना त्वचेवर पुरळ उठले. २००९ मध्ये नॉर्वेतून आलेल्या एका लहान चाचणीत ४३ जणांना १२ आठवडे गुग्गुळ किंवा औषधविरहित गोळ्या दिल्या होत्या. गुग्गुळ घेणाऱ्यांचे एकूण कोलेस्टेरॉल थोडे उतरले, परंतु त्यासोबत एचडीएलही उतरले आणि एलडीएलमध्ये लक्षणीय फरक पडला नाही.

या निष्कर्षांवर आपल्याकडे दोन टोकांच्या प्रतिक्रिया उमटल्या. ‘पाश्चात्त्यांचा कट’ ही एक आणि ‘गुग्गुळ निरुपयोगी’ ही दुसरी. मला दोन्ही उतावळ्या वाटतात. चाचणीची रचना पाहता पेनसिल्व्हेनियाचे काम काटेकोर होते, ते झटकून टाकता येणार नाही. परंतु त्यात तपासला गेला तो सार होता. शोधित गुग्गुळ, त्रिफळेच्या भावना, कुटून तयार केलेली वटी आणि रूक्ष आहार हे आपल्या चिकित्सेचे अंग त्यात नव्हते. नवा गुग्गुळ बृंहण करतो व पुराण गुग्गुळ अतिलेखन करतो असा भेद आपल्या आचार्यांनी केला आहे, हा भेद कोणत्याही चाचणीत विचारात घेतलेला मला आढळला नाही. तथापि हे आपले समर्थन नव्हे, हे आपले राहिलेले काम आहे. जोपर्यंत शास्त्रोक्त कल्पावर तेवढ्याच काटेकोरपणे चाचणी होत नाही, तोपर्यंत ‘गुग्गुळाने एलडीएल निश्चित उतरते’ असे रुग्णास सांगण्याचा अधिकार आपणास नाही. अर्जुनाच्या बाबतीतही स्थिती जवळपास अशीच आहे. २००१ मध्ये जयपूर येथून १०५ हृद्रोग्यांवरील ३० दिवसांची चाचणी प्रसिद्ध झाली, तीत अर्जुनत्वक् चूर्णाने एलडीएल घटल्याचे दिसले. आशादायक आहे, परंतु ३० दिवस म्हणजे धमनीच्या आयुष्यात काहीच नाही.

आकडा आणि आयुष्य

येथे स्टॅटिन या औषधवर्गाचा इतिहास पाहणे उद्बोधक ठरते. जपानी संशोधक अकिरा एंडो यांना १९७३ मध्ये एका बुरशीत पहिले स्टॅटिन सापडले, म्हणजे मूळ हेही निसर्गातलेच. १९८७ मध्ये लोव्हास्टॅटिन अमेरिकेत मान्य झाले, साधारण त्याच काळात आपला गुगुलिपिड बाजारात आला. दोन्ही औषधे एकाच रेषेवर उभी होती. फरक पुढे पडला. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृद्रोग्यांवरील सिमव्हास्टॅटिनच्या चाचणीचे निष्कर्ष आले. सरासरी ५.४ वर्षांत औषधविरहित गटातील २५६ रुग्ण दगावले होते, औषध घेणाऱ्यांतील १८२. या चाचणीत माणसे मोजली होती. गुग्गुळाच्या सर्व चाचण्यांत केवळ रक्तातील आकडे मोजले गेले आहेत.

आकडा सुधारला म्हणजे आयुष्य वाढले असे नसते, हे एचडीएलने शिकविले. ‘चांगले कोलेस्टेरॉल’ म्हणून त्याचा बोलबाला झाला. टॉर्सेट्रॅपिब या औषधाने एचडीएल ७० टक्क्यांहून अधिक वाढविले, पण १५,००० हून अधिक रुग्णांवरील चाचणी २००६ मध्ये मध्येच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू अधिक झाले. व्यायामाने एचडीएल वाढते ते शरीर सुधारल्याची खूण म्हणून. ती खूण औषधाने ओढून आणण्यात अर्थ नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. ज्यास हृद्रोगाचा झटका येऊन गेला आहे, ज्याच्या धमनीत स्टेंट बसविला आहे, ज्यास पक्षाघात झाला आहे किंवा ज्याचे एलडीएल जन्मतः अतिशय वाढलेले आहे, अशा रुग्णाचे स्टॅटिन वैद्याने बंद करू नये. स्नायूंत वेदना होत असतील तर हृद्रोगतज्ज्ञाकडे चिठ्ठी द्यावी. मात्रा कमी करता येते किंवा औषध बदलता येते. आपली चिकित्सा त्या गोळीच्या जोडीने चालवावी. मात्र नुकतेच ट्रायग्लिसराइड वाढलेले, झटका न आलेले, मधुमेहाकडे झुकणारे जे असंख्य रुग्ण आपल्याकडे येतात, त्यांच्यासाठी आहार, व्यायाम, लंघन व लेखन हीच पहिली चिकित्सा आहे. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासून पुढचा निर्णय घ्यावा. तपासणीशिवाय ‘तुम्हाला उतार आहे’ असे सांगू नये.

अहवाल वाचताना एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करावे. उरते ते ‘नॉन-एचडीएल’. यास वेगळा खर्च नाही, उपवासाची गरज नाही, आणि ॲपो-बी असलेल्या सर्व कणांचा माल त्यात मोजला जातो. बहुतेक ठिकाणी एलडीएल थेट न मोजता गणिताने काढतात. त्या गणितात ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा केला जातो, आणि ट्रायग्लिसराइड ४०० च्या पुढे गेले की ते गणित चुकते. भारतीय हृद्रोग संघटनेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत सर्वसाधारण व्यक्तीसाठी एलडीएल १०० च्या खाली व नॉन-एचडीएल १३० च्या खाली असावे असे म्हटले आहे. मधुमेह वा उच्च रक्तदाबासारख्या धोक्याच्या रुग्णात एलडीएल ७० च्या खाली आणि झटका येऊन गेलेल्यात ५५ च्या खाली. लायपोप्रोटीन-ए हा आनुवंशिक कण आयुष्यात निदान एकदा तरी मोजावा, अशीही शिफारस तीत आहे. आहार-विहाराने तो फारसा बदलत नाही, परंतु तो ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर बाकीचे सर्व पथ्य अधिक कठोर करावे लागते. वाढलेले कोलेस्टेरॉल पाहताच थायरॉइडची तपासणी करावी. मंद थायरॉइडच्या कित्येक रुग्णांना आपण विनाकारण महिनोन्‌महिने मेदोहर कल्प देत असतो.

करडई, सातू आणि मोसंबी

आहाराबद्दल एक वादाचा मुद्दा. करडई हे मराठवाड्याचे रब्बी पीक. परभणीच्या कृषी विद्यापीठाने तिचे वाण काढले आणि करडईच्या तेलाची ‘हृदयास हितकर’ अशी जाहिरात वर्षानुवर्षे झाली. आता लाकडी घाण्याच्या तेलाची टूम आली आहे. चरकाचार्यांनी मात्र यज्जःपुरुषीय अध्यायात स्थावर स्नेहांत कुसुंभस्नेह अहिततम म्हटला आहे. हे वचन आपण बहुधा अवघडल्यासारखे वाचून पुढे जातो. सिडनी येथे १९६६ ते १९७३ या काळात ४५८ हृद्रोगी पुरुषांवर एक चाचणी झाली होती. एका गटास इतर स्नेहाऐवजी करडईचे तेल व त्याचेच मार्गरिन दिले. कोलेस्टेरॉल घटले, परंतु २०१३ मध्ये जुनी माहिती पुन्हा तपासली तेव्हा त्या गटात १७.६ टक्के मृत्यू आढळले, दुसऱ्या गटात ११.८ टक्के. त्या मार्गरिनमध्ये घातक ट्रान्स-स्नेह असावा, असा आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. इतर बहुसंख्य अभ्यास वनस्पतीज असंतृप्त तेलांच्या बाजूनेच आहेत. यावरून चरकवचन सिद्ध झाले असा डांगोरा पिटू नये. एकाच तेलावर सर्व भार टाकू नये, शेंगदाणा, तीळ व करडई आलटून पालटून आणि मोजून वापरावी, एवढे सांगणे सुरक्षित आहे.

स्थौल्यासाठी सुश्रुताचार्यांनी यव सांगितला, आपण त्यास सातू किंवा जव म्हणतो. त्यातील बीटा-ग्लुकन हा विद्राव्य तंतू रोज ३ ग्रॅम पोटात गेला तर एलडीएल अल्प पण निश्चित उतरते, हे अनेक चाचण्यांत दिसले आहे. ज्वारी-बाजरीच्या भाकरीत एक तृतीयांश जवाचे पीठ मिसळणे हे आपल्या भागात सहज जमण्यासारखे आहे. आणखी एक प्रश्न जालन्याच्या मोसंबीपट्ट्यात वारंवार येतो : स्टॅटिन घेत असताना मोसंबी चालते का? निषेध आहे तो परदेशी ग्रेपफ्रूटचा, काही अंशी पपनसाचाही. गोड मोसंबीस हरकत नाही. मात्र मधुमेह्याने रस न पिता फळ खावे.

औषधविक्रेत्यांसाठी

गुग्गुळाचे झाड मुख्यतः कच्छ व राजस्थानच्या कोरड्या प्रदेशात होते. अतोनात खाचा पाडून निर्यास काढल्याने ही झाडे मरतात, आणि आज त्या वनस्पतीची गणना जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून झाली आहे. पुरवठा कमी व मागणी अफाट असल्यावर काय होते हे व्यापाऱ्यांना सांगणे नको. सालईचा निर्यास, इतर डिंक, माती, साल सर्व काही गुग्गुळ म्हणून विकले जाते. उष्णतेने मऊ होतो, अग्नीवर जळतो, कोमट पाण्यात दुधासारखा होतो, ही शास्त्रोक्त परीक्षा दुकानात करता येते व करावी. पण ती पुरेशी नाही. घाऊक खरेदी करताना प्रत्येक लॉटचा गुग्गुळस्टेरोन ‘ई’ व ‘झेड’ यांचा विश्लेषण अहवाल मागावा. तो देण्यास टाळाटाळ करणाऱ्याकडून स्वस्त माल घेऊ नये.

‘ब्लॉकेज उघडा’, ‘कोलेस्टेरॉल मुळासकट घालवा’ अशी पत्रके दुकानाबाहेर लावणाऱ्यांनी १९५४ चा औषधे व जादुई उपाय कायदा वाचावा. धमनीकाठिण्य, हृद्रोग व स्थूलता हे तिन्ही विकार त्याच्या अनुसूचीत आहेत, आणि त्यांवरील औषधाची जाहिरात करणे हा गुन्हा आहे.

गल्ल्यावर येऊन परस्पर गुग्गुळकल्प मागणाऱ्या ग्राहकास दुसरी कोणती औषधे चालू आहेत हे विचारल्याशिवाय गोळ्या देऊ नयेत. १९९४ मध्ये मुंबईतील औषधशास्त्रज्ञांनी निरोगी व्यक्तींवर केलेल्या प्रयोगात गुगुलिपिडसोबत घेतल्यास प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम या औषधांचे रक्तातील प्रमाण घटते असे आढळले. ही दोन्ही औषधे रक्तदाब व हृच्छूल यांसाठी दिली जातात. यकृतातील ज्या विकरामुळे कित्येक औषधांचे विघटन होते ते विकर गुग्गुळस्टेरोनने वाढते, असेही प्रयोगशाळेत दिसले आहे. गुग्गुळ घेणाऱ्या एका रुग्णात स्नायुक्षय झाल्याची नोंद २००४ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. म्हणून स्टॅटिन व गुग्गुळ दोन्ही चालू असलेल्या रुग्णास मांसपेशींत तीव्र वेदना किंवा काळसर मूत्र झाल्यास दोन्ही थांबवून त्याच दिवशी रुग्णालयात जाण्यास सांगावे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यास गुग्गुळकल्प दिल्यास दोहोंत काही तासांचे अंतर ठेवावे, पुडीवर वेळ मराठीत लिहून द्यावी आणि पहिल्या पंधरा दिवसांत रक्तदाब व नाडीची गती निदान दोनदा मोजावी.